हीलरचे शब्द

शाळेच्या गणवेशांचं कापड बेतायच्या लांब टेबलावर ती वाकलेली होती. हातातली विजेची कात्री चालता चालता कापडाच्या मधोमध थांबली. शेजारच्या बाईने आधी कात्रीचं बटण बंद केलं आणि मग तिला धरलं. उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शिवणखात्यातल्या बायकांनी तिला निळ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवं केलं आणि तिच्या नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या वेळी एका उंच इमारतीच्या माथ्यावर, मोटरीच्या खोलीत होता. हात ग्रीसने माखलेले, म्हणून पहिल्यांदा त्याने फोन वाजू दिला.

जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं की तिला समजतं जवळजवळ सगळं, शब्दही डोक्यात कुठेतरी आहेत, पण डोक्यातून तोंडाकडे येणारी वाट खचली आहे. काही शब्द परत येतील, काही येणार नाहीत, आणि कुठले येतील ते कुणाच्या हातात नाही. लिफ्टवाल्याने मान हलवली. तार तुटली असती तर त्याला कळलं असतं. इथे काय तुटलंय ते उघडून बघता येत नव्हतं.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती धावत आली, आईचा हात धरून बसली आणि रजा संपली तशी परत गेली. तोवर आई मुकीच होती. मुलगी गेल्यावर एका सकाळी नर्स अंथरुणाची चादर बदलत असताना तिच्या तोंडून पहिला शब्द आला.

"अ‍ॅग्रो."

नर्सने विचारलं, तुमच्याकडे शेती आहे का, कारण तिच्या घराजवळच्या खतांच्या दुकानाचं नाव तसंच काहीतरी होतं. लिफ्टवाला म्हणाला, शेती कुठली, गॅलरीत साधी कुंडी नाही. ती पुन्हा तेच म्हणाली, नर्सच्या हातांकडे बघत, जरा घाबरून. तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, निरर्थक शब्द.

घरी आल्यावर आणखी काही शब्द उगवले. पण जे यावेत असं त्याला वाटत होतं ते नव्हते. "पाणी" नाही, लेकीचं नाव नाही. लग्न झाल्यापासून ती त्याला ज्या शब्दाने हाक मारायची, तो "अहो"सुद्धा नाही. त्याऐवजी संध्याकाळ झाली की ती उशीवर डोकं टेकून म्हणायची, "माना नाही." त्याला वाटलं, मान दुखतेय. त्याने मलम आणून मान चोळली, मऊ उशी आणली, मग कडक आणली. तिने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा म्हणाली, "माना नाही." तेव्हा त्याच्या मनात भलतंच आलं. म्हणजे मान नाही असं म्हणतेय का ही? या घरात मला मान नाही? त्या विचाराने तो ताट तसंच सारून उठला. नवरा-बायकोत भांडण असं कधी नव्हतं, पण तिला कशात काय विचारलं होतं आपण, हे आठवायला बसला तर फारसं काही हाती लागेना.

दुसरा शब्द होता "टाका". ती त्याच्याकडे बघून म्हणायची, टाका. तो विचारायचा, काय टाकू? जुनी वर्तमानपत्रं टाकली. फुटका कप टाकला. एकदा तिच्याच चपला टाकायला निघाला, कारण बोट तिकडे गेल्यासारखं वाटलं. ती डाव्या हाताने कपाळ धरून बसली.

लेक सुट्टी काढून पुन्हा आली तेव्हा तिने दारातच बॅग ठेवली. आतून आईचा आवाज आला, "माना नाही." मुलगी तिथल्या तिथे हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

"बाबा, तिची मान दुखत नाहीये," ती म्हणाली. "माना म्हणजे हीलरची ताकद. आई दमलीय. एवढंच म्हणतेय ती."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो खेळ. मुलगी शाळेत होती तेव्हा तिने आईला कॉम्प्युटरवर एक खेळ शिकवला होता, देशोदेशीचे लोक एकाच वेळी आत शिरून राक्षस मारतात तसला. मुलगी कॉलेजात जाऊन त्याला विटली, आई मात्र चिकटून राहिली. संध्याकाळची जेवणं आटोपली की ती कानाला हेडफोन लावून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची आणि तो टीव्हीपुढे. पाहुण्यांपुढे तो चेष्टा करायचा की आमच्याकडे पन्नाशीची बाई रोज राक्षस मारते, पण पाल दिसली की मला हाक मारते. हे शब्द त्याने वर्षानुवर्षं ऐकले होते, पण घरातल्या पंख्याची घरघर ऐकावी तसे.

लेकीने त्याला समोर बसवून शिकवलं. पाच जण मिळून गुहेत जातात. एक जण जाड चिलखत घालून पुढे उभा राहतो, तो टँक. राक्षसाचा राग ज्याच्यावर असतो त्याच्यावर अ‍ॅग्रो. तो राग टँकने स्वतःवर ओढून घ्यायचा, नाहीतर मागचे मरतात. हीलर सगळ्यांत मागे उभी राहून प्रत्येकाचा जीव भरून काढते, आणि त्यात तिचा माना खर्च होतो. माना संपला की ती नुसती बघत उभी. सगळेच मेले तर तो वाइप. खुर्ची सोडून कुणी उठून गेलं तर तो एएफके. आई एएफके म्हणाली तर तिला बाथरूमला जायचंय, असंही मुलीने सांगून टाकलं, आणि त्या एका वाक्याने घरातले निम्मे घोटाळे मिटले.

"आणि टाका?" त्याने विचारलं.

मुलीला ते माहीत नव्हतं. आमच्या वेळी हा शब्द नव्हता, ती म्हणाली. तिच्या गिल्डला, म्हणजे खेळातल्या टोळीला विचारा. जायच्या आधी तिने त्याला कॉम्प्युटर चालू करून आत कसं जायचं ते दाखवून ठेवलं.

मुलगी गेल्यावर एका संध्याकाळी, बायको पडल्या पडल्या पेंगत असताना, तो त्या टेबलाशी बसला. हेडफोनला तिच्या केसांचा वास होता. पडद्यावर एका विहिरीजवळ हिरव्या झग्यातली एक तरुण बाई उभी होती, डोक्यावर नाव होतं, सुई. आजारपणाच्या आदल्या संध्याकाळी बायकोने तिला जिथे सोडलं होतं तिथेच. त्याने एक कळ दाबली तर ती बाई उडी मारून पुन्हा तिथेच उभी राहिली. तेवढ्यात कानात एका बाईचा घोगरा आवाज आला.

"सुई? अगं, होतीस कुठे तू?"

मी तिचा नवरा, तो म्हणाला, आणि मग काय झालं ते सगळं सांगितलं. त्या बाईला गिल्डमध्ये सगळे फौजदार म्हणत, कारण कुणी कुठे उभं राहायचं ते ती ठरवायची. ती म्हणाली की आम्हाला वाटलं सुई रुसून गेली. शेवटच्या दिवशी लुटीच्या वाटणीवरून जरा वाजलं होतं. आम्ही आपले तिला नावं ठेवत होतो.

त्याने टाक्याबद्दल विचारलं. फौजदार हसली, पण ते हसू नीट निघालं नाही. तो सुईचाच शब्द, ती म्हणाली. जीव भरायचा मोठा मंत्र असतो, त्याला वेळ लागतो, माना फार जातो. आणि एक छोटा असतो, पटकन होणारा. बाकीचे हीलर त्याला हिंग लावून विचारत नाहीत. सुई म्हणायची, मोठं काही नको, वेळेवर एक टाका घातला की पुढचं उसवत नाही. तेव्हापासून आम्ही सगळे टाकाच म्हणतो. आमच्याकडून तो दुसऱ्या गिल्डांतही गेला. मी टँक, मरायला टेकले की ओरडते, टाका, टाका.

"ती माझ्याकडे टाका मागते," लिफ्टवाला म्हणाला.

"मागते?" फौजदार थांबली. "इथे तिने कधी मागितला नाही हो. ती द्यायची."

"मग मी काय देऊ?"

"ते मला कसं सांगता येईल? पण टाका लांबून लागत नाही. जवळ जाऊन उभं राहावं लागतं."

त्याने हेडफोन काढून ठेवले, जाऊन पलंगाच्या कडेला बसला आणि तिचा लुळा हात मांडीवर घेतला. ती जागी झाली. त्या संध्याकाळी तिने टाका मागितला नाही.

त्यानंतर घरात एक वेगळीच बोली सुरू झाली. जिना चढायच्या आधी तो विचारायचा, माना आहे ना? गोळ्या कडू असल्या की ती म्हणायची, नर्फ, म्हणजे ताकद कमी करा. एकच व्यायाम पुन्हा पुन्हा करायचा कंटाळा आला की ग्राइंड. स्पीच थेरपीच्या बाई आधी बुचकळ्यात पडल्या, मग म्हणाल्या की असू दे, हाच पूल समजा, यावरूनच बाकीचे शब्द आणू. त्या तिला चित्रं दाखवायच्या, कप, खुर्ची, दार. तिला कप यायचा नाही. पण कप भरलेला असला तर ती म्हणायची, फुल बफ, म्हणजे ताकद काठोकाठ. बाई हसायच्या. लिफ्टवाल्याला तेव्हा वाटायचं की सुईच्या कामात सुतळी घुसवतोय आपण, पण चाललंय ना, मग चालू दे.

त्याची थोरली बहीण बघायला आली तो दिवस त्याच्या लक्षात राहिला. ताई मनाने वाईट नव्हती, पण तोंडाला फाटक नव्हतं. भावजय समोर बसलेली असताना, जणू ती खुर्चीवर टाकलेली शाल असावी तसं ताई बोलत होती. ही आता अशीच राहणार का? तू कामावर गेलास की हिच्याकडे बघणार कोण? तिकडे एक चांगलं केंद्र आहे, अशा लोकांना ठेवून घेतात, स्वच्छ असतं सगळं. माझ्या ओळखीच्या एकीने सासूला ठेवलंय, सासूला कळतही नाही आपण कुठे आहोत ते, सुखात आहे बिचारी.

"अ‍ॅग्रो," बायको हळूच म्हणाली. डोळे ताईवर होते.

त्याला कळलं. वाद घातला असता तर ताई आणखी भावजयीवरच घसरली असती, हे तो लहानपणापासून ओळखून होता. राग वळवायचा असेल तर स्वतःवरच वळवायला हवा. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, तू दिलेला तो फुलांचा पडदा आठवतो? तो मी एकदाही लावला नाही. फाडून फरशी पुसायला घेतला."

ताईचं तोंड उघडं राहिलं. मग जे सुरू झालं ते तिचा चहा गार होईपर्यंत थांबलं नाही. तो पडदा तिने कुठून आणला होता, किती दुकानं पालथी घातली होती, तू लहानपणापासून असाच, आईने तुला डोक्यावर चढवून ठेवलं. केंद्राचा विषय कुठल्या कुठे गेला. तो खाली मान घालून सगळं अंगावर घेत बसला. मध्येच त्याने डोळे वर केले तर बायकोच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती.

तिला पुन्हा खेळायचं होतं. ती डाव्या हाताने कोपऱ्यातल्या टेबलाकडे दाखवायची. थेरपीच्या बाई म्हणाल्या, करून बघा. पण कळफलकावर डावा हात एकटा पुरेना, बोटं अडखळत. लिफ्टवाल्याने गोदामातून जुन्या लिफ्टची बटणं आणली, मोठी, गोल, दाबली की आतून पिवळी पेटणारी. एका फळीवर ती बसवली, मागून जुन्या कळफलकाच्या तारा जोडल्या. बटणांवर मजल्यांचे आकडे होते. तिसरा मजला म्हणजे टाका, चौथा मोठा मंत्र, तळमजला म्हणजे पळा. एवढ्या आवडीने त्याने इतक्या वर्षांत कुठली लिफ्टही जोडली नव्हती. तिने फळीवरून हात फिरवला, तिसरा मजला दाबला, पिवळा उजेड बघितला आणि पुन्हा दाबला.

फौजदारने सुट्टीची दुपार ठरवली आणि सगळ्यांत सोपी गुहा निवडली, पोरंटोरंही हसत हसत मारतात अशी. लिफ्टवाला शेजारी स्टूल घेऊन बसला. सुरुवात बरी झाली. टँकला लागलं, तिने टाका दिला. पुन्हा लागलं, पुन्हा दिला. ती श्वास रोखून बसली होती आणि तिच्या वाकड्या तोंडावर जे होतं ते त्याने आजारपणानंतर पाहिलं नव्हतं. मग एकाएकी दोघे सोबती मेले. ती बघतच राहिली. कशाने मेले? लगेच तिसरा सोबतीही गेला, टँकही गेला, मग ती हिरव्या झग्यातली बाईही. वाइप.

"लॅग होता," कुणीतरी कानात म्हणालं. "इंटरनेट सकाळपासून असंच करतंय."

पुन्हा गेले. पुन्हा तेच दोघे आधी मेले. लिफ्टवाल्याने या वेळी पडद्याऐवजी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या दोघांच्या जीवाच्या पट्ट्या पडद्याच्या उजव्या कडेला होत्या. तिची नजर तिथे जातच नव्हती. ताटातलं उजवीकडचं जेवण ती ठेवून द्यायची ते भूक नसल्यामुळे, असं तो इतके दिवस समजत होता. डॉक्टरांनी नंतर त्याला समजावलं की डोळे चांगले आहेत, पण उजवीकडचं जग तिच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. पट्ट्या डावीकडे हलवता आल्या, फौजदारने तसं करायला शिकवलंही. पण राक्षस काही डावीकडूनच येत नाहीत.

पुढच्या सुट्टीला गिल्डने आपली सगळ्यांत दांडगी माणसं आणली. गुहेत शिरल्या शिरल्या राक्षस आडवा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. कुणाला ओरखडा आला नाही. ती तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवून वाट बघत राहिली. टाका द्यावा असं कुणालाच काही झालं नाही. सगळे कानात म्हणत होते, वा सुई, मस्त, जमलं की.

"कॅरी," ती म्हणाली.

त्याने विचारलं, म्हणजे काय? कॅरी म्हणजे ज्याच्याने काही होत नाही अशा गड्याला बाकीच्यांनी पाठीवर घेऊन पार नेणं, हे फौजदारने त्याला मागाहून सांगितलं, शरमत. तिने एका हाताने हेडफोन काढले. ते केसांत अडकले, तेव्हा त्याने सोडवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला केला आणि स्वतःच ओढून काढले.

मग बरेच दिवस तिने टेबलाकडे बघितलं नाही. फळी तिथेच पडून होती. लिफ्टवाला फौजदारला निरोप देत राहिला, बरं नाही, पुढच्या वेळी बघू. शेवटी फौजदारच घरी आली. ती गाडी चालवायला शिकवायची, आणि शिकवण्याची पाटी टपावर असलेली तीच छोटी गाडी घेऊन ती कितीतरी लांबून आली होती. आवाजावरून त्याने एखादी धिप्पाड बाई कल्पिली होती. दारात उभी होती ती ठेंगणी, पिकलेल्या केसांची, हातात फळांची पिशवी घेतलेली.

बायकोने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. आवाज ऐकला मात्र, आणि तिने झटकन रुमाल तोंडावर धरला, वाकड्या बाजूवर. फौजदार तिच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसली. इतकी वर्षं रोज संध्याकाळी बोललेल्या दोघी, आणि समोरासमोर पहिल्यांदाच. ती रस्त्याबद्दल बोलली, खड्ड्यांबद्दल बोलली, एका शिकाऊ ड्रायव्हरने गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर कशी नेली ते सांगितलं. लिफ्टवाला उगाच हसला. मग फौजदार म्हणाली की सगळे तुझी आठवण काढतात, तुझी जागा तशीच ठेवलीय, घाई नाही.

बायकोने रुमाल खाली घेतला. ओठ हलायला लागले, थांबले, पुन्हा हलले.

"दुसरी घ्या," ती म्हणाली. "मी आता नाही."

एकेक शब्द स्वच्छ आला. आजारी पडल्यापासून तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य, आणि त्यात खेळातला एकही शब्द नव्हता. फौजदारने तिचा हात धरला. मग तिने खरं ते सांगितलं. दुसरी घेतलीच होती, महिना होत आला होता. हीलरवाचून आत पाऊल टाकता येत नाही, थांबता येईना. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

बायकोने मान डोलावली. तिला ते ठाऊक असावं. तिने विचारलं, "टाका?"

म्हणजे, देते का ती? वेळेवर देते का? फौजदार खोटं बोलू शकली असती.

"शिकतेय," ती म्हणाली. "चांगली आहे. जरा उशीर करते."

फौजदारला सोडायला लिफ्टवाला खाली गेला. गाडीत बसून तिने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. काच खाली करून म्हणाली की तिने माझ्या टँकला इतक्या वेळा मरता मरता धरलंय, आणि मी तिला तोंडावर हे सांगितलं. मग पाटीची गाडी हळूहळू वळणावरून दिसेनाशी झाली. तो वर आला तेव्हा बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो जवळ बसला. तिने त्याला बसू दिलं, एवढंच.

थेरपीच्या बाईंना त्याने त्या वाक्याबद्दल सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. कर्ता आहे, क्रियापद आहे, नकारसुद्धा बरोबर वापरलाय, त्या म्हणाल्या, आता गाडी रुळावर येतेय. त्यालाही आनंद व्हायला हवा होता. तो हो हो म्हणाला आणि बाहेर बाकावर येऊन बसला.

बाईंचं खरं ठरलं. शब्द यायला लागले. पाणी आलं, दार आलं, नको आणि पुरे आले. कप आला, आणि एका सकाळी, त्याची पाठ वळलेली असताना, "अहो"सुद्धा आलं. तो वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तिला फक्त खिडकी लावून हवी होती. पण जसजसे हे शब्द येत गेले तसतसे ते दुसरे कमी होत गेले. ती ते विसरली की तिने ते आवरून ठेवले, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. कधी सवयीने त्याच्याच तोंडून एखादा निघायचा. ती ऐकायची, पण उत्तर द्यायची नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. त्याने तो आईच्या डाव्या कानाला धरला. पलीकडून मुलीने विचारलं की आई, कशी आहेस?

तिने हात लांबवून नवऱ्याची बाही पकडली.

"बरी आहे," ती म्हणाली.

फोनमधून मुलीचा आनंदाचा आवाज त्यालाही ऐकू आला. किती स्वच्छ बोललीस, आई, पुन्हा बोल ना. बायको नवऱ्याकडे बघत होती. तिचा डावा हात त्याच्या बाहीला घट्ट धरून होता.

"बरी आहे," ती पुन्हा म्हणाली, अगदी नीट, जगातली सगळी माणसं म्हणतात तसं.